ब्लॉटवर पट्टी तेवढीच, मग पेशीवरचं एमएचसी गेलं कुठे?

कलिन्याच्या विद्यानगरीत एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीने विचारलंय : "मॅडम, जर्कॅट पेशींत एचआयव्हीचं नेफ प्रथिन घातलं. फ्लोवर एमएचसी-१ चांगलंच खाली आलं. त्याच फ्लास्कमधल्या पेशींचा वेस्टर्न केला, तर पट्टी जवळजवळ कंट्रोलएवढीच, फार तर किंचित फिकट. गाइड म्हणतात, दोनांपैकी एक प्रयोग चुकलाय. कोणता? आणि विषाणूला एमएचसी नको असेल तर तो ते सरळ नष्टच का करत नाही, नुसतं इकडचं तिकडे का करतो?"

बाकीच्या वाचकांसाठी आधी शब्द : एमएचसी-१ हे पेशीच्या पृष्ठभागावरचं, आतल्या प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणारं प्रथिन. जर्कॅट म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी पेशी. फ्लो सायटोमेट्री चमकणारं प्रतिपिंड लावून एकेक पेशी मोजते; वेस्टर्न ब्लॉट पेशी फोडून त्यांतलं एकूण प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवतो.

दोन्ही प्रयोग बरोबर असू शकतात. दोन्हींत सारखीच घट दिसली असती तर मला जास्त शंका आली असती.

पण शास्त्रात शिरण्याआधी एक साधा हिशेब. नेफ किती टक्के पेशींत गेलं? जर्कॅट ट्रान्सफेक्शनला (बाहेरचं जनुक आत घ्यायला) किती हट्टी असतात ते तुला आता कळलंच असेल. फ्लोवर तू जीएफपी (नेफसोबत घातलेलं हिरवं चमकणारं प्रथिन) दिसणाऱ्या पेशींवर गेट लावलं असणार, म्हणजे फक्त नेफवाल्या पेशी मोजल्यास. ब्लॉटला मात्र अख्खा फ्लास्क गेला. समज, शंभरातल्या तीस पेशींत नेफ आहे आणि त्यांच्यातलं निम्मं एमएचसी खरोखर नष्ट झालंय. तरी एकूण घट पंधरा टक्के. पंधरा टक्के फरक वेस्टर्नवर डोळ्यांनी ओळखणारा माणूस मला तीस वर्षांत भेटलेला नाही. त्यामुळे आधी पेशी सॉर्ट करून ब्लॉट कर, नाहीतर लेंटिव्हायरसने नेफ घाल, म्हणजे जवळपास सगळ्या पेशींत जाईल. एवढं करूनही फ्लो आणि ब्लॉट जुळले नाहीत, तर मग खरी गंमत सुरू होते.

ब्लॉटसाठी तू पेशी एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळतेस. त्या क्षणी पेशीचा नकाशाच पुसला जातो. एमएचसी पेशीच्या पृष्ठभागावर होतं, गॉल्जीत (प्रथिनांची पाठवणी करणाऱ्या पेशीच्या टपालखान्यात) अडकलं होतं की लायसोसोमच्या (पचनाच्या पिशवीच्या) दारात उभं होतं, सगळं एकाच पट्टीत येतं. फ्लोमध्ये पेशीला भोकं पाडली नाहीत तर प्रतिपिंडाला फक्त बाहेरचं दिसतं. आणि मारायला आलेल्या सीडी८ टी पेशीलाही फक्त बाहेरचंच दिसतं. विषाणूला पट्टीशी काही घेणंदेणं नाही, त्याला त्या टी पेशीशी आहे.

एमएचसी-१ चा नेहमीचा प्रवास तुला पाठ असेल, म्हणून भरभर सांगते. त्याची जड साखळी ईआरमध्ये (प्रथिनं घडवणाऱ्या पटलांच्या जाळ्यात) तयार होते, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन तिला येऊन मिळतं. पेशीद्रवात प्रोटिआझोमने केलेले प्रथिनांचे तुकडे टॅप नावाच्या पंपातून ईआरमध्ये येतात. आठ ते दहा अमिनो आम्लांचा तुकडा खोबणीत नीट बसला की सगळा संच गॉल्जीकडे निघतो, ट्रान्स-गॉल्जी जाळ्यातून पृष्ठभागावर येतो आणि आत काय शिजतंय ते टी पेशीला दाखवतो. टी पेशी तुकडा आणि एमएचसी एकत्रच ओळखते, हे डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी १९७४ मध्ये दाखवलं आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या वाटेवर जितके थांबे, तितक्या ठिकाणी कुठला ना कुठला विषाणू पाय घालून बसलेला आहे.

आता नेफ. जेमतेम २०६ अमिनो आम्लांचं हे प्रथिन आहे. एन्झाइम म्हणून त्याला काही करता येत नाही : कापत नाही, जोडत नाही, फॉस्फेट लावत नाही. पेशीतल्या दोन गोष्टींना एकमेकींजवळ आणून धरणं, एवढंच काम. पेशीच्या मालवाहतुकीत एपी-१ आणि एपी-२ नावाचे संच आहेत. प्रथिनाच्या पेशीद्रवात लोंबणाऱ्या शेपटीवर लिहिलेला पत्ता ते वाचतात आणि त्याप्रमाणे माल क्लॅथ्रिनच्या पुटिकेत भरतात. त्यांना वाचता येणाऱ्या पत्त्यांपैकी एक असा : टायरोसिन, मग कुठलीही दोन आम्लं, मग एक मोठं, पाण्याला दूर ठेवणारं आम्ल. एचएलए-ए आणि बी (माणसाच्या एमएचसी-१ चे प्रकार) यांच्या शेपटीत टायरोसिन-सेरीन-ग्लुटामिन-अ‍ॅलॅनिन असा क्रम आहे. नीट बघ. टायरोसिन जागेवर आहे, पण चौथ्या जागी मोठ्या आम्लाऐवजी चिमुकलं अ‍ॅलॅनिन. पत्ता अर्धाच, पिनकोड नसलेला. निरोगी पेशीत एपी-१ त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि एमएचसी सुखाने पृष्ठभागावर जातं.

नेफ नेमकं त्या अपुऱ्या जागी येऊन बसतं. एमएचसीची शेपटी, एपी-१ चा म्यू हा भाग आणि नेफ, अशी तिघांची एकत्र स्फटिकरचना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. नेफ आणि एपी-१ यांच्यामधल्या खाचेत शेपटी अशी जाऊन बसते की जो पत्ता मुळात पुरा नव्हता तो पुरा वाचला जातो. ही रचना पहिल्यांदा स्क्रीनवर फिरवून पाहिली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडायची विसरले होते. पेशीची पत्ता वाचण्याची पद्धत विषाणू बदलत नाही. तो फक्त हाताने पिनकोड लिहितो, आणि पुढची हमाली पेशी स्वतः करते.

म्हणून तुझी पट्टी तेवढीच. नेफने एमएचसी मोडलेलं नाही, त्याची गाडी वळवलीय. वळवलेला माल ट्रान्स-गॉल्जीच्या आसपास साचतो, त्यातला काही पुढे लायसोसोममध्ये जाऊन पचतो. तुझी पट्टी जी "किंचित फिकट" आहे ती बहुधा त्या पचलेल्या मालामुळे.

इथे एक वाद आहे, वाचताना गोंधळशील म्हणून सांगते. नेफ एमएचसीला पृष्ठभागावरून आत ओढतं असं एक घराणं म्हणतं. टी पेशींत ते मुख्यतः नव्याने तयार झालेल्या एमएचसीला वर जाऊच देत नाही, असं दुसरं. जुने बरेच प्रयोग हेलासारख्या पेशींत झाले आणि तिथे नेफचा एमएचसीवरचा परिणाम टी पेशींपेक्षा मंद असतो. मी दुसऱ्या घराण्याच्या बाजूने आहे, निदान जर्कॅटपुरती. पण थीसिसमध्ये दोन्ही लिही. परीक्षक कुठल्या घराण्याचे निघतील सांगता येत नाही.

शेजारीच सीडी४ बघ (टी पेशीवरचं ते प्रथिन, ज्याला धरून एचआयव्ही आत शिरतो), म्हणजे फरक लख्ख दिसेल. त्यालाही नेफच खाली आणतं, पण वेगळ्या हाताने. नेफच्या स्वतःच्या अंगावर दोन ल्युसिनचा एक पत्ता आहे. तो पृष्ठभागाजवळच्या एपी-२ ला दिसतो आणि सीडी४ थेट आत ओढलं जाऊन लायसोसोममध्ये संपतं. तुझ्या जर्कॅटच्या क्लोनवर सीडी४ चांगलं असेल तर त्याच लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या रसावर) सीडी४ चा ब्लॉट कर. ती पट्टी खरोखर खाली आलेली दिसायला हवी. एकाच फ्लास्कमध्ये, एकाच विषाणू-प्रथिनामुळे, एक प्रथिन संपलं आणि दुसरं नुसतं दडवलं गेलं, हे गाइडना दाखवलंस की अर्धं भांडण तिथेच मिटेल.

आता तुझा दुसरा प्रश्न : सरळ नष्ट का करत नाही? काही विषाणू करतातच की. सायटोमेगॅलोव्हायरसचं यूएस११ हे प्रथिन ईआरमध्ये बसून राहतं. नुकत्याच तयार झालेल्या एमएचसीच्या जड साखळीला ते पकडतं, ईआरच्या पटलातून उलट्या दिशेने पेशीद्रवात ढकलतं, आणि प्रोटिआझोम तिचा काही मिनिटांत फडशा पाडतो. त्याचा भाऊ यूएस२ हेच करतो. १९९६ मध्ये हे उघड झालं तेव्हा ईआरमध्ये गेलेलं प्रथिन मागे फिरतं हीच गोष्ट नवलाची होती. पण इथेही कापणारी सुरी विषाणूची नाही. बिघडलेली प्रथिनं ईआरमधून बाहेर काढून नष्ट करण्याची सोय पेशीत आधीपासूनच असते. यूएस११ फक्त धडधाकट प्रथिनाला बिघडलेल्यांच्या रांगेत नेऊन उभं करतं. त्या सोयीतलं डर्लिन-१ हे आपल्याच पेशीचं प्रथिन २००४ मध्ये हाती लागलं, ते यूएस११ चा माग काढतानाच. तसंच कापोसी सार्कोमाच्या हर्पिस विषाणूचं. त्याची के३ आणि के५ ही प्रथिनं पृष्ठभागावरच्या एमएचसीला युबिक्विटिनची शेपटी लावतात आणि लायसोसोमकडे पाठवतात. आपल्या पेशींतलं मार्च कुटुंब या विषाणू-प्रथिनांशी मिळतंजुळतं काही आहे का हे शोधताना सापडलं. पेशीचा कारभार आपण निम्माअधिक विषाणूंकडूनच शिकलोय.

मग एचआयव्ही असं का करत नाही? एक उत्तर जागेचं. सायटोमेगॅलोव्हायरसचा जीनोम २,३५,००० बेसजोड्यांच्या घरात आहे, त्यामुळे यूएस२, यूएस३, यूएस६, यूएस११ अशी एकेका कामाला एकेक माणसं ठेवणं त्याला परवडतं. यूएस३ एमएचसीला ईआरमध्ये अडवतं, यूएस६ टॅपचा पंप आतल्या बाजूने बंद करतं. एचआयव्हीकडे सुमारे साडेनऊ हजार न्यूक्लिओटाइड आणि नऊ जनुकं. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एकाच स्टुलावर चढून माळा गाठायचा, त्यावरच बसून जेवायचं आणि पाहुणा आला की तोच पुढे करायचा, तसं नेफचं. सीडी४, एमएचसी, सेरिंक५ (विषाणूची संसर्गक्षमता घटवणारं पेशीचं प्रथिन) ही सगळी कामं त्याच्याच अंगावर.

दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सगळंच एमएचसी नाहीसं केलं तर विषाणू फसतो. एमएचसी हरवलेल्या पेशीला नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके, ओळखतात आणि मारतात. "स्वतःची खूण हरवली" ही कल्पना क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रयोगाने पुढे आणली. आता एचएलए-सी ची शेपटी वाच. ए आणि बी मध्ये जिथे टायरोसिन आहे, तिथे सी मध्ये सिस्टीन. नेफला धरायला जागाच नाही. त्यामुळे टी पेशींना जास्त करून तुकडे दाखवणारे ए आणि बी दडवले जातात, आणि एनकेला गप्प ठेवणारे सी आणि ई पृष्ठभागावर राहतात. सरसकट नष्ट करणाऱ्याला ही निवड करता आली नसती. (हे १९९९ चं चित्र. पुढे कळलं की रुग्णांमधून आलेल्या बऱ्याच एचआयव्ही-१ विषाणूंचं व्हीपीयू हे प्रथिन एचएलए-सी लाही खाली आणतं, प्रयोगशाळेत रुळलेल्या एनएल४-३ चं आणत नाही. तुझं नेफ बहुधा एनएल४-३ चंच असणार, म्हणजे सबटाइप बी. आपल्याकडचा विषाणू प्रामुख्याने सबटाइप सी. चर्चेच्या प्रकरणात एक ओळ टाकून ठेव.)

यातून तुझ्या ब्लॉटबद्दलही एक शंका निघते. प्रतिपिंड कोणतं वापरलंस? एचसी१० असेल तर ते बी आणि सी ला जास्त धरतं. म्हणजे पट्टीतला एक भाग अशा एचएलए-सी चा, ज्याला नेफने हात लावणं अपेक्षितच नव्हतं. आणि फ्लोला डब्ल्यू६/३२ वापरलं असशील, तर ते फक्त बीटा-२ ला जोडलेला, नीट घडी पडलेला संच ओळखतं. दोन प्रयोगांत तू दोन वेगळ्या गोष्टी मोजल्यास, तरी गाइड त्यांना एकच समजून भांडतायत.

एनकेला फसवण्यात सायटोमेगॅलोव्हायरसचा हात कुणी धरणार नाही. एचएलए-ई ला पृष्ठभागावर यायला खोबणीत एक ठरावीक नऊ आम्लांचा तुकडा लागतो. निरोगी पेशीत तो इतर एचएलएंच्या सुरुवातीच्या सिग्नल तुकड्यांतून, टॅपच्या पंपामार्गे येतो. म्हणजे विषाणूने टॅप बंद केला की एचएलए-ई ही जाणार आणि एनके जागी होणार. त्यावर त्याचा उपाय यूएल४०. या प्रथिनाच्या सिग्नल तुकड्यात तोच नऊ आम्लांचा क्रम आहे, आणि तो टॅपशिवाय खोबणीत पोचतो. पुढचा दरवाजा स्वतःच बंद करायचा आणि आपल्या एका पाहुण्यासाठी मागचा उघडा ठेवायचा. शिवाय संकटात सापडलेली पेशी एनकेला बोलावण्यासाठी जे निशाण वर पाठवते, त्यातलं एमआयसीबी यूएल१६ आतच अडकवून ठेवतं. तेही वाहतुकीचंच राजकारण.

ईआरमध्ये अडवण्याचं सर्वांत जुनं ठाऊक उदाहरण अ‍ॅडेनोव्हायरसच्या ई३-१९के चं, १९८५ मधलं. त्याच्या शेपटीच्या टोकाला दोन लायसिनची खूण असते. ईआरमधून निसटलेल्यांना गॉल्जीतून परत आणण्यासाठी पेशी हीच खूण वापरते. ई३-१९के एमएचसीचा हात धरतं आणि दोघंही परत येतात. काउपॉक्सचं एक प्रथिनही हेच करतं, फक्त परतीचं तिकीट वेगळं.

गोष्ट एमएचसीपुरती नाही. २००८ मध्ये टेथरिन सापडलं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या एचआयव्हीच्या कणांना ते पृष्ठभागाशीच बांधून ठेवतं. व्हीपीयू त्याला ट्रान्स-गॉल्जीत अडकवतं आणि लायसोसोमकडे लावून देतं. चिंपांझींतला विषाणू हेच काम नेफकडून करून घेत होता. पण माणसाच्या टेथरिनच्या शेपटीत पाच आम्लं गायब आहेत, नेमकी ज्यांना नेफ धरायचं तीच. माणसात आल्यावर ते काम व्हीपीयूच्या गळ्यात पडलं. केंद्रकाच्या दारावरही अशीच अडवाअडव चालते. इंटरफेरॉनचा (विषाणू आल्याच्या इशाऱ्याचा) निरोप घेऊन निघालेल्या स्टॅट१ ला इबोलाचं व्हीपी२४ आणि कोविडच्या विषाणूचं ओआरएफ६ आत जाऊ देत नाहीत, दोघांचे मार्ग वेगळे. आणि सगळेच विषाणू एमएचसी खाली आणतात असंही नाही. डेंगीच्या कुळातला वेस्ट नाइल उलट ते वाढवतो, म्हणून व्हायव्हात "विषाणू एमएचसी कमी करतात" असं सरसकट वाक्य टाकू नकोस.

आता बेंचवर काय करायचं ते.

एकाच ट्यूबमधल्या पेशींचे दोन भाग कर. एक भाग तसाच, दुसऱ्याला पटलाला भोकं पाडणारं सॅपोनिन. दोन्हींना तेच प्रतिपिंड. पहिल्यात घट आणि दुसऱ्यात जवळपास काहीच नाही, असं आलं तर ब्लॉटशिवायच तुझं म्हणणं सिद्ध. मेलेल्या पेशी वगळायला व्हायबिलिटी डाय हवाच. मेलेल्या पेशीत प्रतिपिंड आपोआप आत शिरतं आणि मग "पृष्ठभाग" या शब्दाला काही अर्थ उरत नाही.

आणि बर्फ. आमच्या परळच्या प्रयोगशाळेत एका जुलैत हिंदमाताला पाणी भरलं, वीज गेली, बर्फाचं मशीन बंद. नव्या मुलाने सकाळी बर्फावर लावलेलं स्टेनिंग दुपारपर्यंत तसंच टेबलावर. संध्याकाळी वीज आली, मशीनवर लावलं, तर कंट्रोलमध्येही पृष्ठभागावरचं सगळं खाली. अर्थात. ऊब मिळताच पेशी आपलं नेहमीचं काम करत होती, प्रतिपिंडासकट प्रथिन आत घेत होती. त्याआधी मी स्वतः तीन आठवडे सीडी४ लावलेल्या हेला पेशींवर सीडी४ शोधण्यात घालवले होते. पेशी सोडवायला ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवत होते आणि तेच बाहेरचा भाग कापून टाकत होतं. जर्कॅट तरंगत्या असतात, म्हणून या दुसऱ्या दुःखातून तू सुटलीस. हेलात तुलना करायची असेल तर ईडीटीए वापर.

मग बॅफिलोमायसिन. लायसोसोमची आम्लता गेली की पचन थांबतं. नेफवाल्या पेशींत पट्टी कंट्रोलएवढी परत आली, तर तो किंचित फिकेपणा लायसोसोमचा होता. मायक्रोस्कोपखाली टीजीएन४६ (ट्रान्स-गॉल्जीची खूण) आणि लॅम्प१ (लायसोसोमची खूण) यांच्या शेजारी एमएचसी रंगव, म्हणजे माल कुठे साचलाय ते डोळ्यांनी दिसेल.

नेफचे दोन म्युटंट मात्र काहीही करून मिळव. एम२०ए मध्ये (विसाव्या मेथिओनिनच्या जागी अ‍ॅलॅनिन) एमएचसीवरचा परिणाम जातो, सीडी४ वरचा राहतो. दोन ल्युसिनच्या जागी अ‍ॅलॅनिन घातलं की बरोबर उलटं. हे दोन शेजारी ठेवलेस की "पेशी आजारी होत्या म्हणून सगळंच खाली आलं" ही शंका कुणी काढू शकत नाही.

एक सापळा सांगून ठेवते. फ्लोवर कमी दिसलं म्हणजे प्रथिन पृष्ठभागावरून गेलंच, असं नाही. इबोलाचं ग्लायकोप्रोटीन साखरेने इतकं लगडलेलं असतं की शेजारचं एमएचसी जागेवर असूनही झाकलं जातं आणि प्रतिपिंड पोचत नाही. नेफ पटलाच्या आतल्या बाजूला असतं, तुला ही भीती नाही. पण पुढे दुसऱ्या विषाणूवर काम केलंस तर पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बायोटिन चिकटवून ती वेगळी काढ आणि त्यांचा ब्लॉट कर.

शेवटचं, एंडो-एच. हे एन्झाइम गॉल्जीच्या मधल्या भागात न पोचलेल्या प्रथिनाचीच साखर कापतं. ईआरमध्ये अडकलेलं एमएचसी कापलं जाईल, नेफने ट्रान्स-गॉल्जीत अडवलेलं कापलं जाणार नाही. म्हणजे अडथळा कुठल्या थांब्यावर आहे ते एका जेलवर कळतं. अडचण एवढीच की एचएलएच्या जड साखळीवर साखरेची साखळी एकच, फरक जेमतेम दोन-तीन किलोडाल्टनचा. मिनी जेल घाईत पळवलंस तर दोन्ही पट्ट्या एकच दिसतील. बारा टक्क्यांचं लांब जेल घे, कमी व्होल्टेजवर चालव, शेजारच्या लेनमध्ये पीएनगेज-एफ (ही साखर कुठल्याही थांब्यावरची असो, कापणारं एन्झाइम) दिलेला नमुना ठेव, म्हणजे कापलेली पट्टी कुठे यायला हवी ते कळेल. उणे ऐंशीत ठेवलेलं जुनं लायसेट उरलं असेल तर त्यावरच सुरुवात कर, फक्त आधी ते किती वेळा वितळवलंय ते वहीत बघ.